यादीचा दरवाजा किती वाजता लावायचा?

13 मे 2023 रोजी कर्नाटक विधानसभेचा निकाल लागला. राज्यात सत्ता कोणाची हे दुपारपर्यंत स्पष्ट झाले होते, पण बेंगळुरूच्या जयनगर मतदारसंघाचा निकाल रात्रीपर्यंत लागेना. फेरमोजणी झाली, बाद ठरलेली टपाली मते पुन्हा पाहिली गेली, बाहेर दोन्ही पक्षांचे कार्यकर्ते ताटकळत उभे होते. अखेर भाजपचे सी. के. राममूर्ती विजयी झाल्याचे जाहीर झाले. काँग्रेसच्या सौम्या रेड्डी हरल्या, त्या अवघ्या 16 मतांनी.

सोळा मते म्हणजे एका सोसायटीतली चार-पाच घरे. याच राज्यात 2004 साली संथेमरहळ्ळी मतदारसंघात ए. आर. कृष्णमूर्ती हरले होते ते तर एका मताने. असे निकाल लागले की आपण सगळे मतमोजणीची चर्चा करतो. खरे तर त्याच्या कितीतरी आधीच्या एका कागदाकडे आपले लक्ष जायला हवे. तो कागद म्हणजे मतदार यादी. मत कोण देणार हे मतदानाच्या दिवशी ठरत नाही. यादी बंद होते त्या दिवशीच ते ठरून गेलेले असते.

या प्रकरणाचा विषय तोच आहे. यादी कधी बंद व्हावी? मतदानाच्या दिवशी केंद्रावर आलेल्या, पण यादीत नाव नसलेल्या नागरिकाची तिथल्या तिथे नोंद करून त्याला मत देऊ द्यावे का? जगातल्या काही देशांत असे होते. आपल्याकडे होत नाही. दोन्ही बाजूंना सांगण्यासारखे बरेच आहे, आणि बेंगळुरूइतके ते स्पष्ट दाखवणारे शहर दुसरे नाही.

कार्ड हातात, नाव नाही

मतदानाच्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास शहरातल्या कोणत्याही शाळेबाहेर उभे राहा. फाटकापासून ठरलेल्या अंतरावर पक्षांची टेबले असतात, टेबलावर यादीचे गठ्ठे. कार्यकर्ता आधी भाग क्रमांक विचारतो, मग पान उलटत अनुक्रमांक शोधतो आणि चिठ्ठीवर लिहून देतो. दर थोड्या वेळाने एक जण असा येतो, ज्याचे नाव कोणत्याच गठ्ठ्यात सापडत नाही. पाकिटातले मतदार ओळखपत्र काढून तो दाखवतो. मागच्या खेपेला याच शाळेत मत दिल्याचे सांगतो. कधी नाव सापडते, पण त्या चौकटीवर इंग्रजीत ‘डिलीटेड’ असा शिक्का आडवा छापलेला असतो. घरातल्या तिघांची नावे आहेत आणि चौथ्याचे नाही, असेही होते.

आत खोलीत पहिल्या मतदान अधिकाऱ्यापुढे यादीची खुणा करायची प्रत असते. मतदार आला की तो नाव मोठ्याने वाचतो, पक्षांचे मतदान प्रतिनिधी आपापल्या प्रतीत ते पाहतात, मग त्या नावावर रेघ ओढली जाते. दुसरा अधिकारी डाव्या हाताच्या तर्जनीला शाई लावून नोंदवहीत सही घेतो. तिसरा यंत्रावरचे बटण दाबून मत द्यायला मोकळीक देतो. या सगळ्या साखळीची पहिली कडी म्हणजे यादीतले नाव. ते नसेल तर केंद्राध्यक्षाची इच्छा असली तरी त्याच्या हातात काही नसते.

कायदा इथे अगदी स्पष्ट आहे. लोकप्रतिनिधित्व अधिनियम 1951 च्या कलम 62 नुसार ज्याचे नाव त्या मतदारसंघाच्या यादीत आहे त्यालाच मत देता येते. ओळखपत्र फक्त ‘हा माणूस तोच’ एवढे सिद्ध करते. मताचा हक्क यादीतून येतो, कार्डातून नाही. ही गोष्ट शिकल्यासवरलेल्या माणसांनाही ठाऊक नसते. म्हणूनच 2019 च्या लोकसभा निवडणुकीच्या आधी एक संदेश फोनाफोनी फिरला होता: यादीत नाव नसेल तर आधार कार्ड दाखवा आणि ‘चॅलेंज व्होट’ मागा, तुम्हाला मत देता येईल. तो साफ चुकीचा होता. ‘आक्षेपित मत’ नावाची सोय आहे, पण ती मतदाराच्या ओळखीवर एखाद्या प्रतिनिधीने शंका घेतली तर वापरायची असते, आणि त्यासाठी प्रतिनिधीला दोन रुपये अनामत भरावी लागते. ‘प्रदत्त मत’ म्हणूनही एक सोय आहे. आपल्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेले असेल तर खऱ्या मतदाराला कागदी मतपत्रिका देतात आणि ती वेगळ्या पाकिटात ठेवतात. दोन्हींसाठी नाव यादीत असावेच लागते.

संदेश खोटा असला तरी तो इतका पसरला, कारण लोकांना अशी सोय हवी आहे.

दरवाजा लागतो कधी?

आता तारखांचा हिशेब पाहू. 2024 च्या लोकसभा निवडणुकीची घोषणा 16 मार्चला झाली. बेंगळुरूचे मतदान होते 26 एप्रिलला. उमेदवारी अर्ज भरण्याची शेवटची तारीख होती 4 एप्रिल. लोकप्रतिनिधित्व अधिनियम 1950 चे कलम 23(3) सांगते की अर्ज भरण्याची शेवटची मुदत संपल्यावर निवडणूक पार पडेपर्यंत यादीत नाव घालता येत नाही, वगळता येत नाही, बदलता येत नाही. म्हणजे मतदानाच्या 22 दिवस आधी दरवाजा बंद झाला. पण नवे नाव घालण्याच्या अर्जावर हरकत घ्यायला सात दिवस द्यावे लागतात, म्हणून निवडणूक आयोग अर्ज त्याआधी सुमारे दहा दिवस यायला हवा असे सांगतो. घोषणा ऐकून जागा झालेल्या माणसाच्या हातात जेमतेम नऊ-दहा दिवस उरतात. प्रचार तापतो, उमेदवार दारात येतात, घरी राजकारणाची चर्चा सुरू होते, तेव्हा यादी बंद होऊन गेलेली असते.

हा नियम किती काटेकोर आहे हे समजून घ्यायला बिदरला जाऊ. मराठी आणि कन्नड शेजारी नांदतात त्या या सीमाभागातल्या जिल्ह्यात, स्थानिक संस्थांच्या मतदारसंघातून विधान परिषदेवर निवडून द्यायच्या एका जागेवरून खटला झाला आणि तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. नरेंद्र मडिवालप्पा खेनी विरुद्ध माणिकराव पाटील, निकालाचे वर्ष 1977. अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशीच काही नावे यादीत घातली गेली होती, पण दुपारी तीननंतर. न्या. व्ही. आर. कृष्णा अय्यर यांच्या निकालाने ठरले की अर्ज घेण्याची वेळ तीनला संपते, म्हणून यादीचा दरवाजाही तीनलाच लागतो. त्याच दिवशी, पण तीननंतर आत आलेले नाव बेकायदा.

इतके कडक का? यामागे साधे कारण आहे. मैदानात कोण उतरले हे कळल्यानंतर यादी उघडी राहिली तर सत्तेत असलेला माणूस आपल्या सोयीची नावे आत ढकलू शकतो आणि गैरसोयीची बाहेर काढू शकतो. कलम 23(3) हे नागरिकाला बाहेर ठेवण्यासाठी लिहिलेले नाही, तर अधिकाऱ्याचे हात बांधण्यासाठी लिहिलेले आहे. ही गोष्ट लक्षात ठेवूनच पुढचा वाद तोलायला हवा.

बेंगळुरूची यादी का बिघडते?

मिरजेहून नोकरीसाठी आलेल्या एका काल्पनिक तरुणाचा विचार करू. पहिले वर्ष मडिवाळ्याला पीजीमध्ये, मग बोम्मनहळ्ळीत मित्रांबरोबर भाड्याने, लग्नानंतर महादेवपुरात. प्रत्येक करार अकरा महिन्यांचा. कायद्यानुसार माणूस जिथला ‘सामान्य निवासी’ आहे तिथे त्याचे नाव असावे, आणि दोन ठिकाणी असू नये. याचे नाव अजून मिरजेतच आहे. दर वेळी घर बदलले की नमुना 8 भरून पत्ता बदलून घ्यायचा, ही अपेक्षा कागदावर बरोबर आहे. पण गॅस, बँक, मुलाची शाळा या धावपळीत मतदार यादी सर्वांत शेवटी आठवते. मतदानाच्या आदल्या रात्री मॅजेस्टिक आणि कलासिपाळ्यमहून सुटणाऱ्या गाड्या पकडणारे पकडतात. बाकीच्यांचे मत दोन्हीकडे बुडते.

दुसरीकडे, तो सोडून गेलेल्या पत्त्यावरचे आधीच्या भाडेकरूचे नाव यादीत तसेच राहते. नव्या माणसाचे नाव नाही आणि जुन्याचे निघत नाही, असा हा दुहेरी बिघाड आहे. मतदानाच्या टक्केवारीकडे या नजरेने पाहायला हवे. 26 एप्रिल 2024 रोजी बेंगळुरूच्या उत्तर, मध्य आणि दक्षिण या तिन्ही मतदारसंघांत 53 ते 54 टक्के मतदान झाले. शंभर किलोमीटरवरच्या मंड्यात त्याच दिवशी ते 81 टक्क्यांवर गेले. दर वेळी बेंगळुरूकरांच्या बेफिकिरीवर अग्रलेख लिहिले जातात, आणि मतदान करून येणाऱ्यांना हॉटेले फुकट डोसे देतात. उदासीनता आहेच. पण टक्केवारी काढतात ती यादीतल्या नावांवर. शहर सोडून गेलेले, मेलेले, दोनदा नोंदलेले असे सगळे त्या भागाकारात खाली बसलेले असतात. त्यामुळे या 53 टक्क्यांमागे काही वाटा लोकांच्या आळसाचा आहे आणि काही वाटा यादीच्या आजाराचा.

हा आजार ओळखणारे लोक या शहरात आहेत. बेंगळुरूच्या ‘जनाग्रह’ या संस्थेने शहरी मतदार याद्यांच्या गुणवत्तेवर वर्षानुवर्षे काम केले. 2008 मध्ये टाटा टी आणि जनाग्रह यांनी ‘जागो रे’ ही नोंदणीची मोहीम चालवली, ती अनेकांना आठवत असेल.

आणि याच शहरात यादीवरचा विश्वास कसा तुटतो हेही दिसले. नोव्हेंबर 2022 मध्ये ‘चिलुमे’ नावाच्या संस्थेचे प्रकरण बाहेर आले. बृहत् बेंगळुरू महानगरपालिकेने तिला मतदार जागृतीची परवानगी दिली होती. तिचे कर्मचारी मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, म्हणजे बीएलओ असल्याची ओळखपत्रे गळ्यात अडकवून घरोघरी गेले आणि लोकांची खासगी माहिती गोळा केली, असा आरोप झाला. गुन्हे दाखल झाले, अटका झाल्या. निवडणूक आयोगाने दोन आयएएस अधिकाऱ्यांना निलंबित करायला सांगितले. शिवाजीनगर, चिकपेट आणि महादेवपुरा या तीन मतदारसंघांत 1 जानेवारी 2022 पासून घातलेले आणि वगळलेले प्रत्येक नाव पुन्हा तपासण्याचे आदेश निघाले, आणि दावे-हरकतींची मुदत 24 डिसेंबरपर्यंत वाढवली गेली.

ऑगस्ट 2025 मध्ये महादेवपुरा पुन्हा देशभर गाजले. राहुल गांधी यांनी त्या एका विधानसभा क्षेत्रात एक लाखाहून अधिक मते बनावट असल्याचा आरोप केला: दुबार नावे, खोटे पत्ते, एका खोलीत ऐंशी मतदार. आयोगाने आरोप फेटाळून शपथेवर तक्रार द्यायला सांगितले. खरे-खोटे करणे हे या पुस्तकाचे काम नाही. पण लक्षात घ्या, 2022 मध्ये भीती होती ती नावे चोरून काढली जाण्याची, 2025 मध्ये नावे चोरून घातली जाण्याची. एकाच मतदारसंघात, एकाच यादीबद्दल, तीन वर्षांत दोन उलट्या भीती. मतदानाच्या दिवशी नोंदणीचा वाद या दोन भीतींच्या मधोमध उभा आहे.

जिथे दरवाजा उघडा राहतो

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याने 1973 मध्ये कायदा करून मतदानाच्या दिवशी नोंदणीची मुभा दिली. मेननेही त्याच सुमारास ती दिली, विस्कॉन्सिन पाठोपाठ आले. आज वीसहून अधिक राज्यांत ही सोय आहे. मिनेसोटात ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा, उदाहरणार्थ विजेचे बिल, दाखवून केंद्रावरच नोंद होते. पुरावा नसेल तर त्याच भागातला नोंदलेला मतदार शपथेवर सांगू शकतो की हा माणूस इथे राहतो. एक मतदार जास्तीत जास्त आठ जणांसाठी अशी साक्ष देऊ शकतो. मतदानाच्या टक्केवारीत मिनेसोटा अनेकदा देशात पहिल्या क्रमांकावर असते. अशा सोयीने मतदान काही टक्क्यांनी वाढते, आणि त्याचा सर्वाधिक फायदा तरुणांना व नुकतेच घर बदललेल्यांना होतो, असे तिथले अनेक अभ्यास सांगतात. आपल्या मिरजेच्या तरुणाचे वर्णन याहून वेगळे नाही.

विरोधही तिथे कायम आहे. मेनच्या विधिमंडळाने 2011 मध्ये ही सोय काढून टाकली. त्याच वर्षी नोव्हेंबरात नागरिकांनी सार्वमत घेऊन सुमारे 60 टक्के मतांनी ती परत आणली. मोंटानात 2014 मध्ये लोकांनी सार्वमतात सोय राखली, 2021 मध्ये विधिमंडळाने ती बंद केली आणि 2024 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने बंदी रद्द केली. न्यूझीलंडने 2020 च्या निवडणुकीपासून मतदानाच्या दिवशीही नोंदणी खुली केली. 2025 मध्ये तिथल्या सरकारने मतदानाच्या 13 दिवस आधीच ती थांबवण्याचे विधेयक आणले. कारण दिले ते फसवणुकीचे नव्हते, वेळेचे होते: शेवटच्या क्षणी नोंदलेल्यांची मते तपासण्यात अंतिम निकालाला आठवडे लागतात. पण त्याच सरकारच्या महान्यायवादींनी हे विधेयक नागरी हक्कांच्या कायद्याशी विसंगत असल्याचा अहवाल दिला. इंग्लंडमध्ये मात्र आपल्यासारखाच दरवाजा मतदानाच्या 12 कामकाजाच्या दिवसांआधी लागतो.

यातून एक धडा मिळतो. ही सोय चालू शकते, चालली आहे, पण तिच्यासाठी तपासणीला वेळ आणि यंत्रणा लागते. ती फुकट मिळत नाही.

आपल्याकडच्या अडचणी

पहिली अडचण टप्प्यांची. 2024 मध्ये कर्नाटकचे मतदान दोन टप्प्यांत झाले: बेंगळुरूसह दक्षिणेकडचा भाग 26 एप्रिलला, बेळगावसह उत्तरेकडचा 7 मे रोजी. महाराष्ट्रात पाच टप्पे होते आणि देशात सात. अमेरिकेत मतदानाचा दिवस सगळ्या देशात एकच असतो. आपल्याकडे तिथल्या तिथे नोंदणी खुली केली तर एकाने बेंगळुरूत मत देऊन अकरा दिवसांनी बेळगावात पुन्हा नोंदणी करण्याचा प्रयत्न केल्यास त्याला रोखायला काय आहे? बोटावरची शाई. ती म्हैसूरच्या मैसूर पेंट्स अँड वार्निश या कारखान्यात तयार होते. 1937 मध्ये सुरू झालेला हा कारखाना 1962 च्या निवडणुकीपासून देशाला शाई पुरवतो. तिच्यातले सिल्व्हर नायट्रेट कातडीला धरून बसते, नखावर काही आठवडे टिकते. शाई मोठा आधार आहे, पण सगळा भार तिच्या एका ठिपक्यावर टाकता येत नाही.

दुसरी अडचण हरकतीची. आपल्या पद्धतीत यादी आधी जाहीर होते, मान्यताप्राप्त पक्षांना तिची प्रत मिळते, शेजारीपाजारी आणि विरोधक ती वाचतात, खोट्या नावावर बोट ठेवतात. हीच आपली मुख्य चाळणी आहे. मतदानाच्या दिवशी घातलेल्या नावावर हरकत कोण आणि कधी घेणार? तिसरी अडचण गर्दीची. एका केंद्रावर 1500 मतदारांपर्यंत मुभा होती, 2025 मध्ये आयोगाने ती 1200 वर आणली. त्या रांगेत कागदपत्रे तपासण्याचे आणखी एक टेबल लावले तर संध्याकाळचे सहा कसे गाठायचे, हा केंद्राध्यक्षाचा खरा प्रश्न आहे.

चौथी अडचण संशयाची, आणि ती महाराष्ट्राला चांगलीच ठाऊक आहे. 2024 मध्ये लोकसभा आणि विधानसभा या दोन निवडणुकांच्या मधल्या पाच-सहा महिन्यांत राज्यातल्या मतदारांची संख्या सुमारे 9.3 कोटींवरून 9.7 कोटींवर गेली. विरोधकांनी त्यावर रान उठवले, आयोगाने आरोप नाकारले, 1 नोव्हेंबर 2025 ला मुंबईत मतदार याद्यांवरूनच मोर्चा निघाला. रीतसर मुदतीत वाढलेल्या नावांवर इतका वाद होतो, तर एका दिवसात वाढलेल्या नावांवर किती होईल याची कल्पना करा. उलट बाजूही महाराष्ट्राने पाहिली आहे. 2014 च्या लोकसभा निवडणुकीत पुण्यात आणि मुंबईत असंख्य लोकांना आपली नावेच सापडली नाहीत. पुणेकर रस्त्यावर उतरले, आणि निवडणूक आयुक्त एच. एस. ब्रह्मा यांनी मुंबईच्या मतदारांची माफी मागितली. माफी मिळाली, मत मिळाले नाही.

सुरुवातीच्या माणसांनी काय केले?

यादी म्हणजे निर्जीव सरकारी कागद, असे आपल्या प्रजासत्ताकाच्या शिल्पकारांनी मानले नव्हते. घटना अमलात येण्याआधी, 1948 मध्येच प्रौढ मताधिकाराच्या याद्या करायला सुरुवात झाली. त्या वेळी फाळणीने उखडलेली लाखो माणसे देशभर छावण्यांत होती. ठराविक काळ राहिल्याचा पुरावा ती आणणार कुठून? निर्वासितांनी या गावात कायम राहण्याचा आपला इरादा जाहीर करावा, त्यावर त्यांचे नाव घ्यावे, असा मार्ग काढला गेला. पुराव्यापेक्षा माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवला गेला, आणि तोही देशाच्या सर्वांत अस्थिर काळात.

15 जून 1949 रोजी घटना समितीत निवडणूक आयोगाच्या कलमावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी एक चिंता मांडली. काही प्रांतांत वंशाने, भाषेने किंवा संस्कृतीने बाहेरच्या असलेल्यांची नावे याद्यांतून वगळली जात असल्याच्या तक्रारी त्यांच्याकडे आल्या होत्या. स्थानिक सरकारचा आकस किंवा अधिकाऱ्याची लहर यामुळे कोणाचा मताधिकार जाऊ नये, म्हणून सगळी सूत्रे एका स्वतंत्र, केंद्रीय आयोगाकडे हवीत, असा त्यांचा आग्रह होता. परप्रांतातून पोट भरायला आलेल्यांनी भरलेल्या बेंगळुरूत हे भाषण आजही नवे वाटते.

पहिल्या निवडणुकीत या यंत्रणेने मोठी किंमतही मोजली. सुमारे 28 लाख स्त्रियांनी आपले नाव न सांगता ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ असे लिहवले होते. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी स्वीकारल्या नाहीत आणि ती नावे यादीबाहेर राहिली. यादी शुद्ध हवी आणि यादी सर्वांची हवी, या दोन गोष्टींत ओढाताण होते ती अशी पहिल्या दिवसापासून.

मधली वाट

माझे मत सांगतो. मिनेसोटासारखी सरसकट सोय आज भारतात आणू नये. टप्प्याटप्प्याचे मतदान आणि याद्यांवरचा अविश्वास, दोन्ही असताना ती आणली तर हरणारा प्रत्येक पक्ष त्या दिवशीच्या नोंदींवर बोट ठेवील, आणि जे मत मिळवून द्यायचे तेच संशयात सापडेल. पण दरवाजा बंद झाला म्हणजे विषय संपला, हे उत्तरही मला मान्य नाही. यादी बनवते सरकारी यंत्रणा, चूक करते यंत्रणा, आणि शिक्षा भोगतो मतदार. हे उलटे व्हायला हवे.

याची सुरुवात एका माणसापासून करता येईल. ज्याच्याकडे ओळखपत्र आहे, ज्याचे नाव मागच्या निवडणुकीच्या यादीत होते, आणि ज्याला वगळल्याची नोटीस मिळाल्याचा पुरावा यंत्रणेकडे नाही, अशा माणसाला ‘सशर्त मत’ द्यावे. तो कागदी मतपत्रिकेवर मत देईल, ती आतल्या पाकिटात जाईल, बाहेरच्या पाकिटात त्याचे प्रतिज्ञापत्र. नाव चुकून गेले होते असे तपासात ठरले तरच आतले पाकीट उघडायचे, तेही मतदारसंघातल्या बाकीच्या पाकिटांत मिसळून, म्हणजे गुप्तता राहील. अमेरिकेत 2002 च्या कायद्याने अशा तात्पुरत्या मतपत्रिकेची सोय देशभर केली. आपल्याकडे टपाली मताची दोन पाकिटांची रीत वर्षानुवर्षे चालत आली आहे, प्रदत्त मताचीही आहे. नवे यंत्र लागणार नाही, कायद्यातली दुरुस्ती लागेल.

वेळ आहे का? 2024 मध्ये बेंगळुरूच्या मतदानापासून 4 जूनच्या मतमोजणीपर्यंत 39 दिवस होते. 2023 च्या विधानसभेला मात्र तीनच दिवस होते, तेव्हा तपासासाठी मुदत वाढवावी लागेल. खोटे लिहून देणाऱ्याला आजही 1950 च्या अधिनियमात एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद आहे. ती वापरावी.

याच्या जोडीला वगळण्याची प्रक्रिया उजेडात यायला हवी. नोंदलेल्या मतदाराचे नाव त्याला नोटीस न देता काढता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने लाल बाबू हुसेन खटल्यात 1995 मध्येच सांगितले आहे. बिहारमधल्या 2025 च्या विशेष सखोल फेरतपासणीत मसुदा यादीतून सुमारे 65 लाख नावे गेली, तेव्हा ती नावे कारणांसह जाहीर करा असा आदेश त्याच न्यायालयाने 14 ऑगस्टला दिला. हे एका राज्यापुरते आणि न्यायालयाच्या आदेशानेच का व्हावे? प्रत्येक केंद्राच्या भिंतीवर वगळलेल्यांची यादी कारणासह लागावी, आणि ती निवडणूक जाहीर होण्याआधी लागावी. 1 ऑगस्ट 2022 पासून नोंदणीसाठी वर्षाला एकाऐवजी चार अर्हता दिनांक झाले: 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर. दरवाजा थोडा अधिक उघडणे आपल्याला जमते, याचा तो पुरावा आहे.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोपर्यंत एक काम तुमच्या हातात आहे. हे प्रकरण संपवून आयोगाच्या संकेतस्थळावर किंवा 1950 या मदत क्रमांकावर आपले नाव पाहा. भाग क्रमांक आणि अनुक्रमांक लिहून ठेवा. घर बदलले असेल तर नमुना 8 भरा, घरात कोणी अठरा पूर्ण करणार असेल तर नमुना 6 भरा, आणि शेजारच्या भाडेकरूलाही आठवण करा. निवडणूक जाहीर होण्याची वाट पाहू नका. जयनगरचा निकाल 16 मतांनी लागला, आणि त्या निवडणुकीची यादी मतदानाच्या 20 दिवस आधी, 20 एप्रिलला दुपारी तीन वाजता बंद झाली होती.